नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचे अंतर किती आणि प्रवासाचा खरा वेळ किती?

वणाकाठ

नमस्कार. माझे गाव हिंगणघाट तालुक्यात वणा नदीच्या काठी आहे. धाकटी बहीण चार वर्षांपासून सॅन होजेजवळ राहते आणि येत्या जानेवारीत आईला घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. आईचे वय अडुसष्ट आहे, तिला साखरेचा त्रास आहे, गुडघे दुखतात, आणि आजवरचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूरचा आहे. तिकीट हाती आल्यावर तिने एवढेच विचारले, "किती दूर हाय रे ते, अन् किती वेळ बसून राहा लागते?" या साध्या प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा चर्चेचा धागा काढत आहे.

तिकिटावर असे लिहिले आहे: नागपूरहून सोमवारी संध्याकाळी ७ वाजता निघून दिल्लीला रात्री ८.५० वाजता पोहोचणे, आणि दिल्लीहून मंगळवारी पहाटे ३.३० वाजता निघून सॅन फ्रान्सिस्कोला मंगळवारीच सकाळी ६ वाजता उतरणे. सातवीतल्या भाच्याने लगेच वजाबाकी करून दिल्लीहून अमेरिका अडीच तासांवर असल्याचे सांगितले. त्याची वजाबाकी बरोबर आहे आणि उत्तर चूक आहे, हे मला कळते, पण ते आईला पटेल असे सांगता येत नाही. अंतराचाही असाच घोळ आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोसाठी एका ठिकाणी १२,३८० हा आकडा दिसतो, दुसऱ्या ठिकाणी ७,६९० आणि तिसऱ्या ठिकाणी ६,६८५. यातला खरा कोणता? शिवाय घराच्या उंबरठ्यापासून बहिणीच्या दारापर्यंत प्रत्यक्ष किती तास धरावेत? आईच्या गोळ्या आणि जेवण त्यावरच बसवायचे आहे.

भूगोलगुरुजी

तुम्ही दिलेले तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची मापे वेगळी आहेत. १२,३८० हे किलोमीटर आहेत, ७,६९० हे आपल्या जुन्या रस्त्यांवरचे मैल आहेत आणि ६,६८५ हे सागरी मैल आहेत. रस्त्यावरचा मैल सुमारे १.६०९ किलोमीटरचा असतो आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आणि जहाजवाले सागरी मैलच वापरतात. याशिवाय कोणी पृथ्वीला अगदी गोल चेंडू धरून हिशेब करतो, तर कोणी ती ध्रुवांकडे थोडी चपटी आहे हे लक्षात घेतो. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७ किलोमीटर असल्यामुळे दोन हिशेबांत दहा-पंधरा किलोमीटरचा फरक पडतो. त्याची काळजी करू नये.

आईंना समजावण्यासाठी आकड्यांपेक्षा एक प्रयोग अधिक उपयोगी पडेल. मी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी हा प्रयोग केला. शाळेतला ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि घरच्या कापसाचा वळलेला पक्का धागा घ्या. धाग्याचे एक टोक नागपूरवर बोटाने दाबून धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि धागा ताणा. धागा सैल असेपर्यंत तो कुठूनही जातो, परंतु ताणला की आपोआप घसरत वर सरकतो आणि एका जागी येऊन थांबतो. जिथे तो थांबतो तोच सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका आपल्या डाव्या हाताला, दूर पश्चिमेला दिसते, म्हणून मुलांची अपेक्षा असते की धागा अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाईल. प्रत्यक्षात तो नागपूरहून जवळजवळ सरळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघतो, हिमालय आणि तिबेट ओलांडतो, सैबेरियावरून आर्क्टिक महासागराच्या कडेला ७२ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियाला पोहोचतो.

एवढ्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. ताणलेला धागा मोजला तर जवळपास ३१ सेंटीमीटर भरतो, म्हणजे नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,१०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पश्चिमेकडे आडवी रेघ ओढून तीच रेघ गोलावर उतरवली तर धागा ४६ सेंटीमीटरच्या आसपास लागतो. मुलांनी तो फरक स्वतः पट्टीने मोजलेला असला की वर्षभर विसरत नसत.

तुम्ही हिंगणघाटचे आहात म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पृथ्वीचा हा बाक भारतात ज्या माणसाने मोजायला सुरुवात केली, तो विल्यम लॅम्ब्टन हिंगणघाटलाच वारला. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे मोजणीची पहिली पक्की मोजलेली रेषा, आखून त्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम सुरू केले, अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट (कोन मोजण्याचे यंत्र) टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत तो उत्तरेकडे सरकत गेला, आणि जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे येताना हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. एका अंशाची लांबी दक्षिणेत किती आणि उत्तरेत किती, हे मोजून पृथ्वीचा नेमका आकार ठरवणे हाच त्याच्या मोजणीचा एक मोठा हेतू होता. आज संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावे टाकली की क्षणात आकडा येतो, त्यामागे अशा माणसांची हाडे झिजलेली आहेत.

पऱ्हाटी

गुरुजी, धाग्याचा प्रयोग मी आजच मुलीला करून दाखवला. त्यातून एक शंका उरली. आमच्याकडे सगळ्यांचा समज असा आहे की अमेरिकेला जायचे तर मुंबईहून जाणे जवळ पडते, कारण मुंबई पश्चिमेला आहे आणि अमेरिकाही पश्चिमेला. माझा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी यवतमाळहून मुद्दाम मुंबईला जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानात बसला. मग तो उलट्या दिशेने गेला असे म्हणायचे का?

भूगोलगुरुजी

अंतरापुरते बोलायचे तर होय. नागपूर ते दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०, म्हणजे एकूण १३,२३० किलोमीटर होतात. थेट धाग्यापेक्षा हे जेमतेम सव्वाशे किलोमीटर अधिक आहेत, कारण दिल्ली त्या धाग्यापासून फार दूर नाही. नागपूर ते मुंबई सुमारे ६८० आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५१० धरले तर बेरीज १४,१९० होते. हजार किलोमीटरचा वळसा पडतो. तिकिटाचा दर, विमानांच्या वेळा आणि सामानाची सोय पाहून मुंबई निवडणे वेगळे, आणि त्यात काही गैर नाही. परंतु जवळ पडते म्हणून मुंबई निवडायची असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत ते कारण टिकत नाही.

खाडीपलीकडे

मी मूळचा पुलगावचा आणि नोकरीनिमित्त बारा वर्षांपासून सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात राहतो. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास अनेकदा केल्यामुळे गुरुजींच्या धाग्याला थोडी पुरवणी जोडतो. ताणलेला धागा म्हणजे कागदावरचे सर्वांत कमी अंतर झाले. विमान त्या धाग्यावरून जातेच असे नाही, आणि गेले तरी लवकर पोहोचेलच असेही नाही.

पहिली अडचण तिबेटची. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या आसपास आहे. खाली यायला जागाच नसल्यामुळे बहुतेक विमाने त्या पठाराला वळसा घालतात.

दुसरी अडचण देशांच्या हवाई हद्दींची. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांची विमाने रशियावरून जात नाहीत, भारतीय कंपन्यांची जाऊ शकतात. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हद्द बंद केली तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना लांबून जावे लागले आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. त्यामुळे कोणत्याही संकेतस्थळावरचा वेळ हा त्या दिवसापुरता धरावा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावा. वाटेत संकट आले तर उतरायला विमानतळ कुठे मिळेल, याचाही विचार मार्ग आखताना होतो. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादान येथे सुखरूप उतरवावे लागले होते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि मला स्वतःला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंतही जातो. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरू केली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे, आणि तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी प्रथमच पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून विमान नेले. तो मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटर अधिक लांब होता. तरीही विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचले. हिशेब करून पाहा. १५,३०० भागिले साडेचौदा म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. विमानाचा हवेतला स्वतःचा वेग ताशी ९०० च्या आसपास असतो. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिलेले आहेत. आपल्याकडे बैलगाडीच्या काळात लोक उताराचा लांब रस्ता धरत आणि चढाचा जवळचा रस्ता सोडत, तसेच हे आहे.

म्हणून वणाकाठ, आईंना सांगताना दिल्लीच्या पुढचा विमानातला वेळ साडेचौदा ते साडेसोळा तास असा सांगा. तुमच्या तिकिटावरून तो सोळा तास येतो.

मोर्शीकर

एक प्रश्न लहानपणापासून मनात आहे, तो इथे विचारतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे निघालेल्या विमानाखाली अमेरिका आपोआप जवळ यायला हवी. खाडीपलीकडे यांच्या म्हणण्यानुसार पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते. हे उलटे कसे?

भूगोलगुरुजी

पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडते. धावत्या एस.टी.त बसून नाणे वर उडवले तर ते मागच्या बाकावर न पडता आपल्याच हातात पडते, कारण नाणे, हात आणि बसमधली हवा तिघेही एकाच वेगाने पुढे जात असतात. पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचत नाही. जेट स्ट्रीम तयार होण्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा असतो. विषुववृत्ताकडची गरम हवा वर जाऊन ध्रुवांकडे सरकू लागते तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. म्हणजे फिरण्याचा फायदा मिळतो तो वाऱ्यामार्फत, आणि तो पूर्वेकडे जाणाऱ्याला मिळतो. म्हणूनच न्यूयॉर्कहून मुंबईला येताना जेवढे तास लागतात, त्यापेक्षा मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारणपणे अधिक लागतात, जरी दोन्हींमधले अंतर तेच असले.

आता भाच्याच्या अडीच तासांबद्दल. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची छापलेली असते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आणि कॅलिफोर्नियाची हिवाळ्यात आठ तास मागे असते, म्हणजे दोघांत साडेतेरा तासांचे अंतर पडते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हेच अंतर साडेबारा तासांचे होते. तुमचा प्रवास जानेवारीत आहे, म्हणून साडेतेरा धरा. तिथले सकाळचे ६ म्हणजे आपल्या गावी मंगळवारी संध्याकाळचे साडेसात. पहाटे साडेतीन ते संध्याकाळी साडेसात, असे बरोबर सोळा तास. भाच्याला सांगा की वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच गावाच्या करून घ्यायच्या.

वणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी पाटीवर पूर्ण हिशेब मांडला. घरून सोमवारी दुपारी दोनला निघून जाम चौरस्ता आणि बुटीबोरीमार्गे विमानतळ दोन तास. विमानतळ वर्धा रस्त्यावरच असल्याने शहरात शिरावे लागत नाही. तिथे तीन तास थांबणे. दिल्लीपर्यंत एक तास पन्नास मिनिटे. दिल्लीत सहा तास चाळीस मिनिटे. पुढे सोळा तास. ही बेरीज साडेएकोणतीस तास झाली. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांना दीड तास आणि बहिणीच्या घरापर्यंत एक तास धरला तर बत्तीस तास होतात. हवेत अठरा तासांपेक्षा कमी आणि जमिनीवर चौदा तासांपेक्षा अधिक वेळ जाणार आहे, याची मला कल्पनाच नव्हती. आईच्या गुडघ्यांना विमानापेक्षा दिल्लीतले थांबणे आणि चालणे अधिक जड जाईल, म्हणून चाकाच्या खुर्चीची मागणी आजच कंपनीकडे नोंदवली.

एक नवीनच पेच मात्र समोर आला आहे. आई मंगळवार करते. सकाळी चहा आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर जेवण, असा तिचा तीस वर्षांचा नेम आहे. गुरुजींच्या हिशेबाने विमान उतरेल तेव्हा इकडे मंगळवारची संध्याकाळ झालेली असेल, पण तिकडे मंगळवारची सकाळ असेल आणि संध्याकाळ पुढे अकरा-बारा तासांनी येईल. आईच्या वाट्याला साडेसदतीस तासांचा मंगळवार येत आहे. साखरेच्या रुग्णाने एवढा वेळ उपाशी राहणे धोक्याचे आहे, आणि तिचा नेम मोडायला सांगणे माझ्या जिभेवर येत नाही.

खाडीपलीकडे

हा पेच आमच्या आईच्या वेळीही आला होता. तिने मनगटावरचे घड्याळ घरी पोहोचेपर्यंत बदललेच नाही आणि नेम गावच्या घड्याळाने पाळला. तुमच्या आईंच्या घड्याळात साडेसात वाजता विमान उतरेल. गावी त्या वेळी तुळशीपुढे दिवा लागलेला असेल. तो दिवा लागला की मंगळवार सुटला, असे त्यांना सांगून पाहा. गावात राहिलेल्या कोणाकडून तेव्हा दूरध्वनीवर ते कळवण्याची व्यवस्था करता आली तर त्यांचे मन अधिक निश्चिंत राहील. गोळ्यांचे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रशांत महासागरावरून विमान गेले तर आणखी एक गोष्ट घडेल, ती आधीच सांगून ठेवा. समोरच्या पडद्यावर तारीख मागे गेलेली दिसेल. १८० अंश रेखावृत्ताच्या आसपास आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. ती पूर्वेकडे ओलांडली की खालच्या समुद्रावर पुन्हा आदला दिवस चालू असतो. तुमच्या प्रवासात मंगळवारचा काही वेळ सोमवार होईल आणि उतरण्याआधी पुन्हा मंगळवार होईल. परतताना याच्या उलट एक अख्खा दिवस हातातून गेल्यासारखा वाटतो, पण प्रवासाचे तास तेवढेच असतात.

वणाकाठ

डॉक्टरांना आज भेटून आलो. आईची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ अशी असते. त्यांनी कागदावर दोन रकाने आखून दिले, एक गावच्या वेळेचा आणि एक तिकडच्या वेळेचा. साडेतेरा तासांचे अंतर बारा तासांच्या जवळ असल्यामुळे रात्री आठची गोळी तिकडे सकाळी साडेसहाला येते आणि सकाळी आठची तिकडे संध्याकाळी साडेसहाला. दोन गोळ्यांमधले बारा तास कुठेच मोडत नाहीत. मंगळवारची रात्रीची गोळी विमान उतरल्यावर अर्ध्या तासाने, जेवणाबरोबर घ्यायची. पिशवीत दशम्या ठेवून त्या विमान थांबताच तिला द्यायच्या असे ठरवले आहे. विमानात दर दोन तासांनी तिला उठवून मधल्या वाटेने चालवायचे आणि पाणी पाजायचे, असेही डॉक्टरांनी बजावले.

संध्याकाळी शाळेतून पृथ्वीगोल मागून आणला. आईने वातींसाठी पिंजून ठेवलेल्या कापसातून स्वतःच धागा वळला, एक टोक आपल्या गावावर अंगठ्याने दाबले आणि दुसरे बहिणीच्या गावावर नेले. धागा वर सरकून बर्फाच्या पांढऱ्या भागाजवळ थांबला तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे पोरगी डोंगरापल्याडच हाय. मी उगाच समुद्रापल्याड समजत होती." तो धागा तिने तोडून बटव्यात ठेवला आहे.

खाडीपलीकडे

जानेवारीत इथे सूर्य साधारण सव्वासात-साडेसातला उगवतो, त्यामुळे तुम्ही सहाला उतराल तेव्हा बाहेर अंधार असेल आणि थंडी आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेसारखी असेल. आईंचा स्वेटर आणि पायमोजे मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.